मानेवरचं काम

कारागिरांनी भाऊसाहेबांचा डावा गाल उरकला, वस्तरा टॉवेलला पुसला आणि ते उजव्या गालाकडे वळणार, तोच रस्त्यापलीकडच्या कलादालनाच्या भिंतीवर दोन माणसं शिडी लावून एक दोन मजली कापडी फलक सोडू लागली. फलक वरून खाली उलगडत आला. आधी डोकं दिसलं, मग मान. तेवढ्यावर कारागिरांचा वस्तरा हवेतच थांबला.

"ते माझं काम आहे," ते म्हणाले.

भाऊसाहेबांच्या ओठांवर फेस होता. त्यांनी नुसता हुंकार दिला.

फलक पुरता खाली आला तेव्हा चित्र स्पष्ट झालं. काळ्यापांढऱ्या फोटोत एक तरुण माणूस स्टुलावर पाठमोरा बसला होता, कमरेपर्यंत उघडा, डोकं किंचित झुकवून. डावीकडून आलेला उजेड त्याच्या मानेवरून खांद्यावर आणि खांद्यावरून पाठीच्या पन्हळीत उतरला होता. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'छायाचित्रातला माणूस : दीडशे वर्षं.' इतर कोणीही पाहिलं असतं तर ती पाठ पाहिली असती. कारागीर मान पाहत होते.

त्यांना सगळं गाव कारागीर म्हणत असे. त्यांचं खरं नाव घरच्या वीजबिलावर तेवढं उरलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी हे सलून चालवलं होतं आणि चाळीस वर्षं त्यांचं म्हणणं एकच होतं : चेहरा माणूस घरून घेऊन येतो, मान आपण द्यायची. मागची केसांची रेघ बाकीचे लोक सरळ मारून मोकळे होतात. कारागीर ती दोन्ही कानांमागून तिरकी उतरवत आणि मधोमध नखाएवढा खळगा ठेवून मिळवत. त्याखालची कातडी अशी साफ करत की मान दोन बोटं उंच दिसे. वडिलांनी शिकवलेली ही रेघ आसपासच्या कुठल्याही सलूनमध्ये निघत नव्हती. लग्नसमारंभात ते पाहुण्यांच्या मागे जाऊन उभे राहत आणि त्यांच्या मानेकडे पाहतच बोलत. त्यामुळे बायकोच्या माहेरी त्यांच्याबद्दल बराच गैरसमज होता.

आणि आज त्यांची रेघ दोन मजल्यांवर लटकत होती. त्यांनी वस्तरा खाली ठेवला, भाऊसाहेबांना "आलोच" म्हणाले आणि रस्ता ओलांडू लागले.

भाऊसाहेब कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, शिस्तीचे, कमी बोलणारे. अर्धी दाढी करून बाहेर पडणारा माणूस ते नव्हेत. पण त्या दिवशी तेही गळ्यात कापड आणि उजव्या गालावर फेस घेऊन मागोमाग निघाले. दालनाच्या दारावरच्या पहारेकऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग नियमांच्या पाटीकडे पाहिलं. पाटीवर छत्र्या, पिशव्या आणि खाण्याचे पदार्थ यांना बंदी होती. फेसाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. त्याने दोघांना आत सोडलं.

प्रदर्शन रविवारी उघडायचं होतं. आत दालनाच्या प्रमुख बाई फोटोंखाली चिठ्ठ्या चिकटवत होत्या. समोरच्या रस्त्यावरून दोन माणसं आपणहून कला पाहायला आली, हे त्या दालनात अकरा वर्षांत प्रथमच घडत होतं. बाई इतक्या सुखावल्या, की दाढीचं काय, असं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. त्या दोघांना पहिल्या खोलीपासून घेऊन निघाल्या.

पहिल्या खोलीत त्यांनी सांगितलं की सुरुवातीला फोटो निघायला फार वेळ लागायचा, म्हणून माणूस हलू नये यासाठी त्याच्या मानेमागे लोखंडी दांडा लावत. कारागिरांनी फोटो निरखले आणि त्या दांड्यापायी मागचे केस चेपले आहेत, असं मत दिलं. दुसऱ्या खोलीत चित्रकारांनी आपल्या चित्रांसाठी जवळ बाळगलेले उघड्या देहांचे फोटो होते. तिथे कारागीर जमिनीकडे पाहत चालले. तिसरीत फोटोवाल्यांनाच चित्रकार व्हायचं होतं, म्हणून त्यांनी भिंगापुढे जाळीदार कापड धरून सगळी माणसं धुक्यात नेली होती. कारागिरांना त्या धुक्यात कल्ले कुठे संपतात तेच कळेना. चौथीत खांद्याची वाळूची टेकडी झाली होती आणि गुडघ्याचा शंख. माणूस वजा करून नुसता आकार पाहायचा, असं बाई म्हणाल्या. डोकंच वजा केलेलं पाहून कारागीर मनातून दुखावले. भाऊसाहेब मात्र कुठेच रेंगाळले नाहीत. ते शेवटच्या खोलीत आधीच जाऊन उभे होते.

तिथे तो फोटो होता, हातभर लांबीचा, मूळ प्रत. खाली चिठ्ठी : 'पाठमोरा. अडतीस वर्षांपूर्वी. बसलेली व्यक्ती अज्ञात.'

"मॅडम," कारागीर म्हणाले, "ही मान माझी आहे."

बाईंच्या बोटाला चिकटलेली चिठ्ठी तशीच राहिली. "काय म्हणालात?"

"माझी मान. मी झोपेतसुद्धा ओळखीन."

"म्हणजे हे तुम्हीच?"

"माझ्याशिवाय दुसरं कोण असणार? अशी मान त्या काळी फक्त माझ्याकडे होती."

बाईंनी भाऊसाहेबांकडे वळून विचारलं, "तुम्ही यांना ओळखता?"

भाऊसाहेबांनी गळ्यातल्या कापडाच्या टोकाने ओठांवरचा फेस टिपला. फोटोवरची नजर न काढता ते म्हणाले, "चाळीस वर्षं."

बाईंनी कारागिरांचे दोन्ही हात हातात घेतले. कितीतरी पुस्तकांत हा फोटो छापला गेला होता आणि प्रत्येकात बसलेली व्यक्ती अज्ञात होती. फोटो काढणारे गृहस्थ आता पंच्याऐंशीचे होते. त्यांना फोटो आठवत होता, माणसाचं नाव आठवत नव्हतं. तेही रविवारी येणार होते. "आणि आता तुम्हीही यायचं," बाई म्हणाल्या. "सगळ्यांसमोर सत्कार करू. हा मान तुमचाच आहे."

बाई 'हा मान' म्हणाल्या की 'ही मान', हे कारागिरांना नीट ऐकू आलं नाही. त्यांना दोन्ही चाललं असतं. ते सलूनमध्ये परतले आणि त्यांनी भाऊसाहेबांचा उजवा गाल इतक्या तन्मयतेने केला की त्याला पाऊण तास लागला. भाऊसाहेब त्या पाऊण तासात एक शब्दही बोलले नाहीत. पण ते एरवीही बोलत नसत.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं की चाळीस वर्षांच्या कामाचा सत्कार आहे. बायकोने कपाटातली ठेवणीतली साडी काढून उन्हात टाकली आणि दोन्ही बहिणींना फोन केले. शुक्रवारपर्यंत घरात सगळं सुरळीत होतं. शुक्रवारी वर्तमानपत्रात चौकटीत बातमी आली. मथळा होता : 'अडतीस वर्षांनी "पाठमोरा" समोर आला!' आत लिहिलं होतं की जगप्रसिद्ध छायाचित्रातला तो देखणा तरुण दालनासमोरच्याच सलूनचा मालक निघाला. तारुण्यात त्याने कलेसाठी आपला देह निःसंकोचपणे कॅमेऱ्यापुढे ठेवला होता.

बायकोने बातमी दोनदा वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"अहो, हा फोटो अडतीस वर्षांपूर्वीचा ना?"

"हो."

"म्हणजे आपल्या लग्नानंतर दोन वर्षांनी."

"अगं, तसं नाही ते."

"मला सगळं सांगू नका. एवढंच सांगा, की कुठे उघडे बसला होतात, का कोणाचीतरी पाठ आपली म्हणून सांगत सुटलाय? कारण ही पाठ तुमची नाही. तुमच्या पाठीला मी आजवर किती डब्या मलम चोळलंय. तुमचा उजवा खांदा तेव्हाही उतरलेला होता."

पोरवयापासून कात्री वर धरून तो खांदा खरोखरच चार बोटं उतरला होता. कारागिरांनी शपथेवर सांगितलं की आपण पाठीबद्दल एक अक्षर बोललो नाही, फक्त मानेवरच्या कामाबद्दल बोललो. बायकोला ते पटलं, कारण नवऱ्याला मानेखाली काही दिसत नाही, हे तिला लग्नापासून माहीत होतं. मग ती हसायला लागली. हसून झाल्यावर म्हणाली, की जाऊन त्या बाईंना खरं काय ते सांगून या.

ते लगेच निघाले, पण सलूनपाशीच अडकले. शेजारच्या औषधांच्या दुकानदाराला पाठ बघायची होती. गल्लीतल्या शिंप्याला सत्काराच्या सदऱ्याचं माप घ्यायचं होतं. पलीकडच्या व्यायामशाळेचा शिक्षक त्यांना शरीर कसं कमवावं यावर मुलांपुढे बोला म्हणत होता. कारागिरांनी प्रत्येकाला समजावलं की पाठ आपली नाही. प्रत्येकाला वाटलं, वयामुळे पाठ तशी राहिली नाही असं ते म्हणताहेत. औषधवाल्याने तर धीर दिला, की पाठ काय, कोणाचीच तशीच्या तशी राहत नाही.

दालनात बाई टेलिफोनवर होत्या. त्यांनी खुणेने कारागिरांना बसवलं आणि फोन ठेवताच सांगितलं, की रविवारी मंचावर फोटोतल्यासारखं स्टूल मांडायचं ठरलंय. कारागिरांनी सदरा उतरवून तसंच पाठमोरं बसायचं, आणि त्यांचा आताचा फोटो जुन्याशेजारी लावायचा.

"मॅडम," कारागीर म्हणाले, "पाठ माझी नाही. मान माझी."

बाई मनापासून हसल्या. "कलेत मान आणि पाठ वेगळी नसते हो," त्या म्हणाल्या. "आणि आता नम्रपणा पुरे." इतक्यात टेलिफोन पुन्हा वाजला.

संध्याकाळी कारागीर भाऊसाहेबांच्या घरी गेले. भाऊसाहेब मुलगा-सुनेकडे राहत, मागच्या खोलीत. आयुष्यभर त्यांनी कोर्टात लोकांचे कबुलीजबाब टंकलेले होते. आता काय करावं हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार, असा कारागिरांचा हिशेब होता. भाऊसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. खिडकीबाहेर पाहिलं. बराच वेळ ते काही बोलणार असं वाटत होतं.

"छापून आलेलं कानात सांगून दुरुस्त होत नाही," शेवटी ते म्हणाले. "सगळ्यांसमोर उभं राहून सांगा. मी येतो." आणि वर म्हणाले, "सूनबाईलाही आणतो."

रविवारी दालन भरलं होतं. पुढच्या रांगेत बाई, पाहुणे, आणि खुर्चीवर हातात काठी धरून ते पंच्याऐंशी वर्षांचे छायाचित्रकार. दुसऱ्या रांगेत ठेवणीतली साडी नेसलेली कारागिरांची बायको, तिच्या दोन्ही बहिणी आणि त्यांच्या शेजारी सुनेसह भाऊसाहेब. मंचावर स्टूल. बाईंनी दीडशे वर्षांचा इतिहास थोडक्यात सांगितला आणि म्हणाल्या, की या सगळ्या इतिहासात माणसाचा देह आपण पाहिला, पण तो माणूस कोण हे फारसं कोणी विचारलं नाही. आज तो माणूस आपल्यात आहे. टाळ्या झाल्या. कारागीर मंचावर गेले.

ते स्टुलापाशी उभे राहिले. त्यांनी सदऱ्याच्या वरच्या बटणाला हात लावला आणि ते बटण, उघडं होतं ते, लावून टाकलं.

"तो मी नाही," ते म्हणाले.

बाईंच्या चेहऱ्याचा रंग उतरला. कारागिरांना पुढे काय बोलायचं ते सुचत नव्हतं, म्हणून ते फोटोपाशी गेले. फोटोसमोर उभं राहिल्यावर त्यांना सगळं सुचायला लागलं.

"ही पाठ कोणाची, मला ठाऊक नाही. या माणसाचा चेहराही मला ठाऊक नाही. पण ही रेघ मी काढलीय. कानामागून इथवर तिरकी, इथे एवढासा खळगा. तेव्हा मशीन नव्हतं. वस्तऱ्याने तीन हात, चौथा मारायचा नाही. चौथा मारला की कातडी लाल होते आणि फोटोत डाग येतो. मॅडम म्हणतात, उजेड मानेवरून खाली उतरलाय. बरोबर आहे. पण इथे केसांची लव राहिली असती तर तो इथेच अडकला असता. त्याला रस्ता मी करून दिला. मला एवढंच सांगायचं होतं. मला वाटलं, तुम्ही त्यासाठीच बोलावलंय. माझ्या बोलण्यात चूक झाली असेल तर माफ करा. कामात झालेली नाही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण पुढच्या रांगेतले म्हातारे छायाचित्रकार काठी टेकत उठायला लागले होते. त्यांना दोन जणांनी धरून फोटोपाशी आणलं. त्यांनी नाक टेकेल इतक्या जवळून मान पाहिली.

"खरं आहे," ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "त्या माणसाचे मी आधी दोन रविवार फोटो काढले होते. एकही जमेना. खांदे छान, पण वर सगळं जंगल. तिसऱ्या रविवारी तो केस कापून आला. एकाच फोटोत काम झालं. मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो की त्या दिवशी उजेड चांगला होता."

"तो माणूस कोण, आठवतंय का?" बाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात थोडा जीव परतला होता.

"कोर्टात असायचा कुठेतरी. देवीचे वण होते चेहऱ्यावर. कॅमेरा समोर धरला की मान फिरवायचा. मी म्हटलं, असू दे, फिरवूनच बस."

दुसऱ्या रांगेत भाऊसाहेब उभे राहिले. सूनबाईला आधी वाटलं, त्यांना बरं वाटत नाहीये. तिने हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवला.

"मी," ते म्हणाले.

मग, आयुष्यभर दुसऱ्यांचे जबाब लिहिलेल्या माणसाने आपला जबाब दिला. तेव्हा ते नुकतेच नोकरीला लागले होते. तीन ठिकाणी मुलगी पाहायला गेले आणि तीन ठिकाणांहून नकार आला. कोणी कारण सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. अशात कोर्टाच्या व्हरांड्यात एका अनोळखी माणसाने मागून हाक मारून सांगितलं की तुमची पाठ फार सुंदर आहे. सुंदर हा शब्द त्यांच्याबद्दल कोणी वापरल्याचं त्यांना आठवत नव्हतं. ते तीन रविवार जाऊन बसले. साहेबांना कळलं असतं तर नोकरीवर बेतलं असतं, म्हणून नाव सांगितलं नाही, आणि पुढे न सांगण्याची सवय झाली. बायको होती तोवर तिला एकदा तो फोटो दाखवावा असं वाटायचं. तेही राहून गेलं.

"मग त्या दिवशी इथे का नाही बोललात?" बाईंनी विचारलं. "मी तुम्हालाच तर विचारलं होतं."

"तुम्ही विचारलंत, यांना ओळखता का. मी म्हटलं, चाळीस वर्षं. ते खरंच आहे. पुढचं सांगणार होतो. पण हे इतके खूश होते, आणि माझी अर्धी दाढी व्हायची होती."

आता मात्र टाळ्या झाल्या, आणि थांबेनात. सूनबाई उठून फोटोजवळ गेली, सासऱ्यांच्या पाठीकडे आणि भिंतीवरच्या पाठीकडे आळीपाळीने पाहू लागली, आणि मग तिने आपल्या नवऱ्याला फोन करून सांगितलं, की असशील तसा निघून ये, बाबा भिंतीवर आहेत. भाऊसाहेबांना स्टुलावर बसवलं गेलं. सदरा उतरवायचा आग्रह कोणी केला नाही. पण म्हाताऱ्या छायाचित्रकारांनी कॅमेरा मागवला तेव्हा भाऊसाहेब सवयीने भिंतीकडे वळून बसले, आणि मग, काय वाटलं कोण जाणे, सबंध वळून समोर तोंड करून बसले. तो फोटो किंचित हललेला आला. म्हाताऱ्यांचे हात कापत होते. बाईंनी तोच लावायचं ठरवलं.

गर्दीत कारागीर एका बाजूला उभे होते. त्यांना एकाच गोष्टीची लाज वाटत होती. दर तीन आठवड्यांनी ती मान त्यांच्या हाताखाली येत होती, आणि दोन मजल्यांएवढी मोठी झाली तरी त्यांनी आपलं काम ओळखलं, गिऱ्हाईक ओळखलं नाही. हे त्यांनी बायकोला सांगितलं.

"असू दे," बायको म्हणाली. "तुम्ही माझ्या मामांनाही अजून समोरून ओळखत नाही." पण हे म्हणताना तिने पदर सारखा केला आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं, "ती मान यांनी केलीय."

फोटोखालची चिठ्ठी बदलली. तिच्यावर आधी छायाचित्रकाराचं नाव आलं, मग भाऊसाहेबांचं, आणि तिसऱ्या ओळीत 'केस कापणारे कारागीर' म्हणून कारागिरांचं, वीजबिलावर होतं ते, पूर्ण. पुढल्या आठवड्यात कलादालनातल्या लांब केसांच्या दोन तरुणांनी सलूनचं दार ढकललं आणि ते बाकावर बसून राहिले, कारण खुर्चीवर भाऊसाहेब होते.

कारागिरांनी त्यांचे केस कापले, रेघ उतरवली, तीन हात मारले आणि नेहमीप्रमाणे लहान आरसा मानेमागे धरला. आजवर भाऊसाहेब आरशात न पाहताच "ठीक आहे" म्हणत आले होते. आज त्यांनी मान थोडी डावीकडे केली, थोडी उजवीकडे केली आणि चष्मा मागवला.

"डावी बाजू," ते म्हणाले, "जरा खाली आलीय."

कारागिरांचा चेहरा पडला. असं त्यांना कोणी कधी म्हटलं नव्हतं. ते वाकले, डोळे बारीक करून पाहिलं, बोटाने मोजलं. डावी बाजू खरोखरच केसभर खाली होती. त्यांनी निमूटपणे वस्तरा पुन्हा उचलला आणि बाकावरच्या दोघांना सांगितलं, "तुम्हाला थांबावं लागेल. फोटोतलं गिऱ्हाईक आहे."